भिंतीवरचे फोटो

दहावीची परीक्षा संपवून भाची माझ्याकडे राहायला आली होती. तिच्या वयाच्या बहुतेक मुलींसारखी तीही कोरियन मालिकांत आकंठ बुडालेली. कोरियन नमस्कार आणि आभार तिच्या तोंडी अगदी सहज येतात. म्हणून एका रात्री म्हटलं, चल, तुला कोरियन बोलणाऱ्या वेगळ्याच मुलांना भेटवते. आणि किम म्यॉन्ग-जून यांचा ‘अवर स्कूल’ लावला. जपानच्या पार उत्तरेला, होक्काइडोतल्या साप्पोरो शहरात कोरियन मुलांची एक शाळा आहे, तिच्यावरचा हा माहितीपट. दोन तासांहून लांब. मला वाटलं, ही मध्येच मोबाइल उघडून बसेल. पण नाही. शेवटी बारावीच्या मुलांचा निरोप समारंभ सुरू झाला, पोरं, पोरी, मास्तर सगळेच हमसून रडायला लागले, तशी हिनेही ओढणी डोळ्यांना लावली. माझंही तेच चाललं होतं. मग दिवा लावला, पाणी प्यायलो, आणि झोपायला जाता जाता ती दारात थांबली. “मावशी, त्यांच्या वर्गात भिंतीवर दोन फोटो होते बघ. ते किमच ना, उत्तर कोरियाचे?” “हो गं. बाप आणि मुलगा.” ती जरा घुटमळली. “मग आपण नक्की कुणासाठी रडलो?”

ती झोपली. मला काही झोप लागेना.

हा माहितीपट करण्याचं मूळ स्वप्न किम म्यॉन्ग-जूनचं नव्हतंच, त्याच्या बायकोचं होतं. ती स्वतः दिग्दर्शिका. जपानमधल्या कोरियन शाळांवरच्या सिनेमाची तयारी चालू असतानाच 2003 साली ती अपघातात गेली. तिचं राहिलेलं काम उचलून हा साप्पोरोच्या शाळेत गेला आणि तिथेच राहिल्यासारखा राहिला. सिनेमाभर हे जाणवत राहतं. पाहुणा म्हणून आलेल्या कॅमेऱ्यासमोर माणसं नीट बसतात, केस सारखे करतात. इथे मुलं कॅमेऱ्याच्या मागच्या माणसाशी बोलतात, त्याला चिडवतात, त्याच्यासमोर रुसतात. होक्काइडोभर अशी ही एकच शाळा, म्हणून लांबच्या गावची मुलं वसतिगृहात राहतात. पहिलीतल्या चिमुरड्यांपासून बारावीच्या दांडग्या पोरांपर्यंत सगळे एकाच आवारात. बाहेर गुडघाभर बर्फ, आत थोरल्या मुली धाकट्यांना जवळ घेऊन बसलेल्या. मुलं तिसऱ्या-चौथ्या पिढीची, जन्म जपानमधला, झोपेत बरळतील तर जपानीतच बरळतील. शाळेत मात्र कोरियनच बोलायचं, असा सगळ्यांचा निश्चय. वर्गात तो टिकतो, फुटबॉलच्या मैदानावर घाईघाईत पास मागताना गळून पडतो. या फुटबॉलला शिकवणारा मास्तर जपानी आहे, आणि मुलांबरोबर तोही अडखळत कोरियन शिकतो. मला सिनेमातलं सगळ्यात आवडतं माणूस तोच. कुणी त्याला बोलावलं नव्हतं, कुणी त्याच्यावर सक्ती केली नव्हती. मुलं जी भाषा कष्टानं बोलताहेत ती आपल्यालाही आली पाहिजे एवढंच त्याच्या मनात असावं.

आणि त्याच शाळेत ते फोटो.

ते तिथे कसे आले याचं उत्तर अवघड नाही, फक्त ते ऐकायला थोडं मागे जावं लागतं. 1945 साली युद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये वीस लाखांवर कोरियन माणसं होती. कुणी पोटासाठी आलेली, कुणी खाणीत आणि कारखान्यांत जबरदस्तीनं आणलेली. बहुतेक परतली. सहा लाखांच्या आसपास मागे राहिली, आणि त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर मुलांना कोरियन शिकवायला वर्ग उघडले. कोरियावर राज्य करणाऱ्या जपानी साम्राज्यानं त्यांच्या तोंडून भाषा काढून घेतली होती, नावंसुद्धा जपानी करायला लावली होती. ते सगळं पोरांना परत द्यायचं होतं. 1948 मध्ये अमेरिकी ताब्यातल्या जपान सरकारनं या शाळा बंद करायचे हुकूम काढले. कोबे आणि ओसाकात माणसं रस्त्यावर आली. कोबेत अमेरिकी सैन्यानं आणीबाणी जाहीर केली. ओसाकात पोलिसांच्या गोळीनं किम ते-इल नावाचा 16 वर्षांचा मुलगा मेला. पुढे 1952 साली या सगळ्या लोकांचं जपानी नागरिकत्वही गेलं. ज्या देशात राहत होते त्यातच परके झाले. दक्षिण कोरियानं त्या काळात त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. कोरियन युद्धातून नुकत्याच उठलेल्या उत्तरेनं मात्र 1957 पासून शाळांसाठी पैसे पाठवायला सुरुवात केली. त्यातून इमारती उभ्या राहिल्या, पुस्तकं छापली गेली. उपकार करणाऱ्याचा फोटो भिंतीवर लागला, आणि मग उपकाराची आठवण पुसट झाली तरी फोटो तसाच राहिला. पुढे लहान मुलांच्या वर्गांतून तो उतरवला गेला, हायस्कूलच्या वर्गांत राहिला.

भाचीला दुसऱ्या दिवशी चहा घेताना हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे ज्यानं पैसे दिले त्याचा फोटो. पण तो माणूस तिकडे काय करत होता, हे या मुलांना कुणी सांगत नाही का?” तिच्या या प्रश्नाला ‘अवर स्कूल’मध्ये उत्तर नाही. सिनेमात बारावीची मुलं सहलीला उत्तर कोरियात जातात. निगाताहून मानग्योंगबोंग नावाचं जहाज वोन्सान बंदराला जायचं, त्यातून. दिग्दर्शक दक्षिण कोरियाचा, त्याला त्या जहाजावर पाय ठेवता येत नाही. म्हणून तो कॅमेराच मुलांच्या हातात देतो. पुढचा भाग मुलांनी टिपलेला, हलता, वेडावाकडा. त्यांचे चेहरे उजळलेले. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावरची प्रत्येक पाटी त्यांच्या भाषेत आहे, कुणी वळून बघत नाही, कुणी आवाज खाली कर म्हणत नाही. त्या आनंदात खोटं काही नाही. आणि तरीही ते पाहताना माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्याच वाटेवरच्या जहाजांनी एकेकाळी कुणाला नेलं आणि परत आणलं नाही, हे मी दुसऱ्या एका सिनेमात पाहिलं आहे.

यांग योंग-ही ही ओसाकातली. वडील दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरून आलेले, उत्तरेच्या बाजूच्या ‘चोंगर्‍योन’ या संघटनेचे पुढारी. 1959 पासून पुढची पंचवीस वर्षं जपानमधून उत्तर कोरियात ‘मायदेशी परत’ जाणाऱ्यांची जहाजं सुटत होती. साधारण 93 हजार माणसं गेली. त्यातल्या बहुतेकांचं मूळ गाव उत्तरेत नव्हतंच, दक्षिणेत होतं. यांगच्या वडिलांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला आपले तिन्ही मुलगे पाठवले. योंग-ही सगळ्यात धाकटी, मुलगी, मागे राहिली. तीही याच शाळांत शिकली, पुढे तिथेच शिकवलंही. आणि मग कॅमेरा घेऊन आपल्याच घरात बसली. त्यातून 2005 साली ‘डिअर प्योंगयांग’ झाला. त्यानंतर तिला उत्तर कोरियात पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही.

या सिनेमातलं एक दृश्य मी कितीदा तरी मागे घेऊन पाहिलं. आई जमिनीवर बसून मोठमोठी खोकी भरते आहे. प्योंगयांगमधल्या मुलांसाठी, सुनांसाठी, नातवंडांसाठी. औषधं, वह्या-पेन्सिली, खाण्याच्या वस्तू, आणि हातात धरले की ऊब देणारे ते छोटे पुडे, कारण तिकडच्या हिवाळ्यात नातवंडांचे हात गोठतात. ती प्रत्येक वस्तू दाबून, कोपऱ्यात सारून, मध्ये फट राहणार नाही अशी बसवते. वर्षानुवर्षं हेच केलेला तिचा हात. तोंडानं ती तिकडचं गुणगानच करते, पण खोकं सगळं सांगून टाकतं. स्वर्गात राहणाऱ्या मुलाला कुणी पेन्सिल पाठवत नाही. वडील घरातल्या कपड्यांत, मांडी घालून, लेकीशी थट्टा करत बसलेले. तू कुणाशीही लग्न कर, फक्त अमेरिकी आणि जपानी नको म्हणतात आणि खळखळून हसतात. आयुष्यभर ज्याच्यावर विश्वास ठेवला ते चुकलं, असं त्यांना शेवटी शेवटी वाटतं की नाही, हे लेक विचारत राहते. ते एका क्षणी अगदी हळू, मुलांना पाठवलं नसतं तरी चाललं असतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून जातात. थोरला मुलगा पाश्चात्त्य संगीताचा वेडा होता. तिकडे ते मन मारून जगण्यात तो आजारी पडला आणि 2009 मध्ये गेला. त्याच वर्षी वडीलही गेले.

हे पाहिल्यावर ‘अवर स्कूल’बद्दल माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. त्या दिग्दर्शकाला हे माहीत नसेल असं शक्यच नाही. पण त्याचा प्रेक्षक दक्षिण कोरियातला होता. तिथे कित्येक दशकं या शाळा म्हणजे शत्रूच्या शाळा. या शाळांतल्या माणसाशी सरकारला न कळवता बोललं तरी गुन्हा ठरू शके. अशा प्रेक्षकाला आधी एवढंच दाखवायचं होतं की ही मुलं आहेत. भिंतीवरच्या फोटोंखाली बसलेलं पोर भूमितीत नापास होतं, वसतिगृहात आईच्या आठवणीनं रडतं, गोल चुकला की स्वतःवर चिडतं. हे काम त्यानं इतकं मनापासून केलं की सिनेमा थिएटरांतून उतरल्यावरही तिकडची माणसं सभागृहं भाड्यानं घेऊन तो दाखवत राहिली. तरी मला वाटतं, त्या मुलांमधल्या एकाला तरी त्यानं विचारायला हवं होतं की जे तिकडे गेले त्यांचं पुढे काय झालं. मुलं जितकी आपण समजतो तितकी कोवळी नसतात. कुणास ठाऊक, एखाद्याच्या घरातही खोकी भरली जात असतील.

मी हैदराबादला वाढले. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू. आमच्या मराठी शाळेत वर्गात बाकांपेक्षा मुलं कमी असत. पावसाळ्यात ओल्या भिंतींचा आणि खडूचा एक मिसळलेला वास येई. गणेशोत्सवात आम्ही नाटक बसवायचो, त्यात माझ्या मैत्रिणीच्या मराठीला तेलुगू हेल होता आणि बाई तिला दहादा म्हणायला लावत. पुढे मुलं इंग्रजी शाळांत गेली, वर्ग रिकामे होत गेले. साप्पोरोच्या त्या मैदानावरची मुलं पाहिली की मला पहिल्यांदा आमची शाळा आठवते, आणि लगेच हेही आठवतं की दोन्हींची तुलना करता येणार नाही. आमच्या मराठीला कुणी दगड मारला नव्हता. नाटकाला जाताना नऊवारी नेसली म्हणून कुणी ब्लेडनं फाडली नव्हती. आमच्याकडे ती आमच्याच आळसानं ओसरली, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण भाषा सोडून देण्याची मोकळीक असणं आणि ती सोडावी म्हणून कुणी रोज दारात येऊन ओरडणं, यात फार मोठं अंतर आहे.

ब्लेडचं बोलले ते उगाच नाही. या शाळांत मुलींचा गणवेश म्हणजे चिमा-जोगोरी, आखूड चोळीसारखी जाकिटं आणि घोळदार झगा. मुलगे मात्र इतर शाळांतल्यासारखेच शर्ट-पँटमध्ये. कोरियन म्हणून गर्दीत उठून दिसायचं ते फक्त मुलींनी. 1990च्या दशकात उत्तर कोरियाच्या अणुबॉम्बच्या, क्षेपणास्त्राच्या बातम्या आल्या की जपानच्या लोकल गाड्यांत या मुलींचे झगे कापले जायचे, केस ओढले जायचे. शेवटी शाळांनी जाण्यायेण्यासाठी साधा ब्लेझर दिला. झगा शाळेत पोचल्यावर घालायचा. सिनेमातल्या काही मुली हा पोशाख किती अभिमानानं घालतात ते मी पाहिलं आहे, आणि त्यांचा अभिमान मला हिरावून घ्यायचा नाही. पण समाजावर वेळ आली की त्याची खूण बाईच्याच अंगावर का चढते, हा प्रश्न या सगळ्या सिनेमांत कुणी नीट विचारलेला नाही. मला तो विचारला जायला हवा आहे.

2002च्या सप्टेंबरमध्ये उत्तर कोरियानं कबूल केलं की आपण जपानी माणसं पळवून नेली होती. त्या घरांचं दुःख खरं, जपानचा संतापही खरा. तो येऊन आदळला तो मात्र शाळांच्या फोनवर आणि दप्तरं पाठीला लावलेल्या पोरांवर. 2009च्या डिसेंबरात क्योटोतल्या अशाच एका प्राथमिक शाळेबाहेर एक टोळकं कर्णे घेऊन आलं आणि आत वर्ग चालू असताना पोरांना ऐकू जाईल असं वाट्टेल ते ओरडलं. पुढे न्यायालयानं त्यांना 1 कोटी 22 लाख येनांची भरपाई द्यायला लावली, सर्वोच्च न्यायालयातही ते टिकलं. द्वेषाच्या भाषणांविरुद्धचा कायदा 2016 मध्ये झाला त्यामागे या खटल्याचाही वाटा आहे.

कोरियन लोकांच्या अशा वस्त्या जपानपुरत्याच नाहीत. स्टालिननं 1937 मध्ये रशियाच्या पूर्व टोकावरून पावणेदोन लाखांच्या आसपास कोरियन उचलून कझाकस्तान, उझबेकिस्तानच्या माळरानावर नेऊन टाकले. वर्षभरात त्यांच्या शाळांतून कोरियन गेली. जे थोडं राहिलं त्यात एक नाटकमंडळ होतं. किम सो-यंग या दिग्दर्शिकेनं त्या मंडळातल्या दोन गायिकांवर ‘साउंड ऑफ नोमॅड’ केला आहे. शेतांवरून शेतांवर गात फिरलेल्या बायका. जिथे शाळा उरत नाही तिथे गाणं किती काळ पुरतं, हे पाहायचं तर तो पाहावा. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

भाचीच्या पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जवळ जाणारा सिनेमा मला यांग योंग-हीचाच सापडला, 2021चा ‘सूप अँड आयडिऑलॉजी’. आता वडील नाहीत. आई म्हातारी, एकटी, ओसाकातल्या त्याच घरात. लेकीचा होणारा नवरा, तोही जपानी, ऐन उन्हाळ्यात सूट घालून पहिल्यांदा घरी येतो. आई त्याच्यासाठी कोंबडीचं सूप करते. अख्ख्या कोंबडीच्या पोटात लसणाच्या पाकळ्या भरायच्या, मूठमूठ, आता मावणार नाहीत असं वाटलं तरी अजून थोड्या. त्यात जिनसेंगची मुळं, खजुरासारखी लाल वाळकी फळं. मग पोट शिवून टाकायचं आणि मंद आचेवर तासन् तास ठेवायचं. पुढे तो जावई ते सूप स्वतः करायला शिकतो आणि सासूला वाढतो. याच काळात आई लेकीला ते सांगते जे तिनं आयुष्यभर कुणाला सांगितलं नव्हतं. ओसाकावर बॉम्ब पडत होते म्हणून ती लहानपणी जेजूला गेली होती. तिथे 1948 साली, ती 18 वर्षांची असताना, दक्षिण कोरियाच्या नव्या सत्तेनं बंडखोर म्हणून गावंच्या गावं मारली. सगळी मिळून 25 ते 30 हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे. तिचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो तरुणही त्यातच गेला. ती धाकट्या भावंडांना घेऊन होडीतून निसटली आणि जपानला आली. ज्या सरकारनं डोळ्यांसमोर शेजारी मारले त्याचा झेंडा ती कसा धरणार? उरला दुसरा, तो तिनं धरला, आणि मग तीन मुलगे त्याला देऊन टाकले. हे सगळं सांगून झालं आणि तिला विसर पडत गेला. मेलेला नवरा, मेलेला मुलगा जिवंत आहेत असं समजून ती त्यांना हाका मारते. लेक सत्तराव्या स्मृतिदिनाला तिला जेजूला घेऊन जाते, तेव्हा तिथलं तिला फारसं काही आठवत नाही.

हे भाचीला दाखवलं. दोन्ही वेळा रडणं येतं, पण ते एकच रडणं नाही, असं ती म्हणाली. मला तिचं म्हणणं पटलं. आता माझ्याकडे कुणी विचारतं की या विषयावर काय पाहू, तर मी आधी ‘सूप’ सांगते, मग ‘डिअर प्योंगयांग’, आणि मुलांची शाळा सगळ्यात शेवटी. आजीला काय झालं, बापानं काय केलं, ते आधी कळू दे. म्हणजे त्याचा जाब नातवंडांना विचारायची वेळ येत नाही.

जपानच्या सरकारनं मात्र तो जाब नातवंडांनाच विचारला. 2010 साली तिथे हायस्कूलची फी सरकारनं उचलायची योजना आली, विद्यार्थ्यामागे वर्षाला साधारण 1 लाख 19 हजार येन. इतर परदेशी शाळांना ती मिळाली. कोरियन शाळांचा निर्णय लोंबकळत ठेवला आणि 2013च्या फेब्रुवारीत नियम बदलून त्यांना कायमचं वगळलं. त्याच वर्षांत ओसाकाच्या कोरियन हायस्कूलचा रग्बी संघ 2010 आणि 2011 असा लागोपाठ देशाच्या उपांत्य फेरीत पोचला होता. जपानमधल्या सहा लाख कोरियनांच्या आकड्यावरून नाव घेतलेला एक माहितीपट त्या पोरांवर आहे. मैदानावर सगळ्या देशानं टाळ्या वाजवल्या आणि तेव्हाच ओसाका प्रांतानं शाळेचं अनुदान अडवलं, फोटो उतरवा म्हणून. मलाही ते फोटो उतरावेत असं वाटतं. पण एका पोराच्या फीच्या बदल्यात नव्हे, आणि ते सांगणारा तो देश नव्हे ज्यानं 1948 मध्ये त्याच शाळांना टाळं ठोकलं होतं. टोकियो, ओसाका, आईची, हिरोशिमा, फुकुओका अशा पाच ठिकाणी खटले उभे राहिले. 2017च्या जुलैमध्ये ओसाकाच्या जिल्हा न्यायालयात शाळा जिंकली, कोर्टाबाहेर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. बाकीचे चारही एकेक करून हरले, शेवटचा हिरोशिमाचा, 2021च्या जुलैत. 2013 मध्ये पहिलीत गेलेलं मूल तोवर नववीत पोचलं होतं. पुढच्या एप्रिलात ते कोरियन हायस्कूलमध्ये दाखल झालं असेल, तर त्याच्या आईबापांनी फी स्वतःच्याच खिशातून भरली.